एक संघ, एक वही: अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला आइस हॉकीचा हंगाम कसा पाहावा

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन महिला आइस हॉकीकडे बहुतेकांचे लक्ष जाते ते मार्चच्या उत्तरार्धात, देशभरातून शेवटचे चार संघ उरल्यावर. तोवर बरेच काही घडून गेलेले असते. या चौघांत कोण असणार, त्याआधीच्या फेरीत कोणाला स्वतःच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, खेळायला मिळणार आणि कोणाला बसने रात्रभर प्रवास करावा लागणार, याचा निम्मा निकाल नोव्हेंबरातल्या एखाद्या शुक्रवारी, अर्ध्या रिकाम्या प्रेक्षागारासमोर लागून गेलेला असतो. म्हणून हा खेळ खऱ्या अर्थाने पाहायचा असेल, तर एकच संघ निवडून सप्टेंबरच्या अखेरीपासून त्याच्यामागे राहावे आणि त्याची एक वही ठेवावी. संकेतस्थळांवर आकडे मुबलक असतात, पण कोणता आकडा कोणत्या संध्याकाळी कसा तयार झाला, हे तिथे सापडत नाही. वही ठेवायची ती त्यासाठीच.

संघ कोणता निवडावा

राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, सर्वोच्च गटात चाळीसहून अधिक महिला संघ खेळतात आणि ते पाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत नियमित खेळणाऱ्या गटांमध्ये, विभागलेले आहेत. डब्ल्यूसीएचएमध्ये मध्य-पश्चिमेकडील आठ संघ आहेत आणि विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिनेसोटा दलूथ व ओहायो स्टेट ही त्यांतली मोठी नावे. ईसीएसीमध्ये बारा संघ असून हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल यांच्यासारख्या आयव्ही लीगमधील सहा विद्यापीठांबरोबर क्लार्कसन, कोलगेट, क्विनिपियाक हे संघ तिथे खेळतात. हॉकी ईस्टमध्ये बॉस्टन आणि आसपासच्या न्यू इंग्लंडमधील दहा संघ आहेत. उरलेल्या दोन कॉन्फरन्स, अटलांटिक हॉकी अमेरिका आणि न्यू इंग्लंड विमेन्स हॉकी अलायन्स, आकाराने लहान आणि प्रसिद्धीच्या बाबतीत त्याहूनही लहान आहेत.

नवख्या प्रेक्षकाचा कल साहजिकच विजेत्यांकडे असतो. पहिली एनसीएए स्पर्धा २००१ साली झाली आणि तेव्हापासून २०२५ पर्यंतची सर्व विजेतेपदे अवघ्या पाच विद्यापीठांनी वाटून घेतली आहेत: विस्कॉन्सिनने ८, मिनेसोटाने ६, मिनेसोटा दलूथने ५, क्लार्कसनने ३ आणि ओहायो स्टेटने २. महासाथीमुळे २०२० ची स्पर्धा झालीच नाही. विशेष म्हणजे या पाचांपैकी चार संघ एकट्या डब्ल्यूसीएचएचे आहेत आणि त्या कॉन्फरन्सबाहेरचा पहिला विजेता पाहण्यासाठी २०१४ साल उजाडावे लागले, जेव्हा क्लार्कसनने अंतिम सामन्यात मिनेसोटाला ५-४ असे हरवले. अशा संघामागे लागले की सामने उत्तम पाहायला मिळतात, पण वही मात्र नीरस होते, कारण ३० विजयांच्या हंगामात नोंदवण्यासारखी चिंता फार थोडी असते. २०१२-१३ चा मिनेसोटा संघ ४१ सामने खेळला आणि ४१ जिंकला. तो पराक्रम थक्क करणारा होता, परंतु शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

माझा सल्ला असा, की राष्ट्रीय क्रमवारीत आठव्यापासून अठराव्यापर्यंत कुठेतरी घुटमळणारा संघ घ्यावा. त्याचा प्रत्येक सामना मोजला जातो, त्याची प्रत्येक बरोबरी मार्चमध्ये आठवते, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची रेषा त्याच्या डोक्यावरून कधी वर, कधी खाली सरकत राहते. दुसरी कसोटी अगदी व्यवहाराची आहे: त्या संघाचे घरचे आणि बाहेरचे दोन्ही सामने आपल्याला पाहता येतात का, हे आधी तपासावे. वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे थेट प्रक्षेपण वेगवेगळ्या सशुल्क सेवांवर असते आणि अर्धे सामने एका ठिकाणी, अर्धे दुसऱ्या ठिकाणी, अशी गत होऊ शकते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. संघ कायमचा असेल, असे गृहीत धरू नये. नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा महिला संघ ऑलिंपिकपटूंनी भरलेला होता, मिनेसोटाची सलग ६२ विजयांची मालिका नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यानेच खंडित केली होती, तरीही २०१७ मध्ये विद्यापीठाने तो खर्चकपातीच्या नावाखाली बंद केला. रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०२१ मध्ये तेच केले, पण तिथे माजी खेळाडूंनी आणि हितचिंतकांनी निधी उभा केल्यामुळे २०२३-२४ मध्ये संघ परत बर्फावर उतरला.

सप्टेंबर: नावे आणि तारखा

हंगामाआधीच्या एका संध्याकाळी दोन गोष्टी वहीत उतरवाव्यात. पहिली म्हणजे खेळाडूंची यादी. प्रत्येक नावापुढे क्रमांक, जागा आणि शिक्षणाचे वर्ष लिहावे. पहिल्या ते चौथ्या वर्षाच्या अनुक्रमे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर आणि पदवीनंतरही एक वर्ष खेळणारी ग्रॅज्युएट, ही वर्गवारी इथे महत्त्वाची आहे, कारण महाविद्यालयीन संघाचे वय दरवर्षी बदलते आणि बचावफळीत चार सीनियर असलेला संघ व चार फ्रेशमन असलेला संघ हे नावाने एक असले तरी एक नसतात. जी खेळाडू दुसऱ्या विद्यापीठातून बदली घेऊन आली आहे, तिच्या नावाखाली रेघ ओढावी. अलीकडे बदल्यांचे प्रमाण इतके वाढले आहे, की मागच्या वर्षीच्या आकड्यांवरून यंदाच्या संघाचा अंदाज बांधणाऱ्याचे हसे होते.

गोलरक्षकांसाठी मात्र स्वतंत्र पान ठेवावे. यादीत सहसा तिघी असतात, पैकी एक मुख्य. आदल्या वर्षीची मुख्य गोलरक्षक पदवी घेऊन निघून गेली असेल, तर त्या संघाच्या हंगामाचा पहिला प्रश्न तोच आहे आणि प्रशिक्षक त्याचे उत्तर ऑक्टोबर संपेपर्यंत सहसा देत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळापत्रक, आणि ते वाचण्याचीही एक रीत आहे. एनसीएएच्या नियमानुसार नियमित हंगामात साधारण ३४ सामने खेळता येतात. आयव्ही लीगचे संघ मात्र ऑक्टोबरच्या अखेरीस सुरुवात करतात आणि २९ पर्यंतच थांबतात. डब्ल्यूसीएचएमधील संघ आपल्या सात प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी चार वेळा खेळतो, म्हणजे २८ सामने घरातच संपतात आणि बाहेरच्यांसाठी उरतात फक्त सहा. ईसीएसीमध्ये अकरा प्रतिस्पर्ध्यांशी प्रत्येकी दोन, असे २२ सामने होतात. हे गणित एकदा मांडून पाहिले, की कॉन्फरन्सबाहेरचे सामने एवढे मोलाचे का, हे ध्यानात येते: देशभरातल्या संघांची एकमेकांशी तुलना करायला राष्ट्रीय स्पर्धेचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीकडे जे पूल आहेत, ते हेच. ऑक्टोबरमध्ये हॉकी ईस्टच्या एखाद्या संघाने डब्ल्यूसीएचएच्या संघाला हरवले, तर त्याचा लाभ त्या एका संघाला होतोच, शिवाय त्याच्याशी पुढे खेळणाऱ्या सगळ्या शेजाऱ्यांनाही थोडा थोडा होतो. हे सामने वेळापत्रकात लाल शाईने लिहावेत.

पहिला सामना आणि पहिली चूक

सामना २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो. बर्फावर प्रत्येकी पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असते. आघाडीच्या तिघींची एक लाइन, बचावाच्या दोघींची एक जोडी, आणि या लाइन व जोड्या साधारण पाऊण मिनिटाला आळीपाळीने आत-बाहेर होत राहतात. रिंक सर्वसाधारणपणे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. चेहऱ्यावर पूर्ण जाळी सक्तीची आहे, त्यामुळे खेळाडू ओळखायच्या त्या क्रमांकावरून, आणि दोन-तीन सामन्यांनंतर त्यांच्या स्केटिंगच्या ढबीवरून.

पहिल्या सामन्यात सगळे जण पकाच्या, म्हणजे स्टिकने मारायच्या रबरी चकतीच्या, मागे डोळे फिरवतात आणि दहा मिनिटांत थकतात. पक लहान आहे, वेगवान आहे आणि कठड्याजवळच्या गर्दीत वारंवार दिसेनासा होतो. त्याऐवजी आपल्या संघाच्या बचावजोडीकडे पाहावे. त्या दोघी प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूच्या निळ्या रेषेवर पाय रोवून उभ्या असतील, तर संघ आक्रमणात स्थिरावला आहे. त्या मागे मागे सरकत असतील, तर पक आपल्याकडे नाही, आणि हे पक न पाहताही कळते.

दुसऱ्या सत्रावर विशेष लक्ष ठेवावे. सत्रागणिक संघ बाजू बदलतात, पण बसण्याचा बाक जागचा हलत नाही. त्यामुळे पहिल्या आणि तिसऱ्या सत्रात स्वतःचा बचावक्षेत्राचा भाग बाकाच्या जवळ असतो, तर दुसऱ्या सत्रात तो लांब पडतो. प्रतिस्पर्ध्यांनी अशा वेळी कोंडून धरले, की दमलेल्या पाच जणींना बाहेर येताच येत नाही. त्यातून सुटण्यासाठी पक सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावला तर ते आइसिंग ठरते, खेळ पुन्हा आपल्याच गोलसमोर सुरू होतो आणि नियमानुसार त्या पाच जणींना बदलीही मिळत नाही. एका सामन्यात मी घड्याळ लावून पाहिले होते: पाच जणी दीड मिनिटाहून अधिक वेळ तशाच अडकल्या होत्या. एकीने स्टिक दोन्ही गुडघ्यांवर आडवी ठेवून मान खाली घातली होती आणि गोलरक्षक आपल्या गोलक्षेत्रातला बर्फ स्केटच्या पात्याने उगाचच पुन्हा पुन्हा खरवडत होती, जणू पंचांनी तेवढ्यात दोन क्षण जास्त द्यावेत. फेसऑफ झाला, म्हणजे पंचांनी दोघींमध्ये पक टाकून खेळ सुरू केला, आणि सातव्या सेकंदाला गोल पडला. दुसऱ्या दिवशी आकड्यांच्या तक्त्यात गोल खाताना बर्फावर असल्याबद्दल त्या पाच जणींच्या नावापुढे एक उणे चिन्ह चढले. ते चिन्ह का आले, हे तक्त्यावरून कोणालाही कळले नसते.

महिलांच्या खेळात पुरुषांच्या खेळातल्यासारखी समोरून येऊन आदळणारी धडक चालत नाही, तिथे पेनल्टी मिळते. पण कठड्याशी पकासाठी होणारी खांद्याला खांदा लावून केलेली झटापट भरपूर असते आणि कोणती झटापट कायदेशीर, कोणती नाही, याबद्दल प्रेक्षकाने पहिल्या हंगामात मत बनवण्याची घाई करू नये. किरकोळ पेनल्टी दोन मिनिटांची, गंभीर पाच मिनिटांची. त्या काळात एक खेळाडू कमी असलेला संघ पेनल्टी किलवर असतो आणि दुसरा पॉवर प्लेवर.

वहीत काय लिहावे

प्रत्येक सामन्याला एक ओळ पुरते. माझ्या वहीतली अशी एक ओळ: "शुक्र. / बाहेर / २-३, जादा वेळ / गोली ३१: ३४ पैकी ३१ / पॉ. प्ले ५ पैकी ० / पे. किल ३ पैकी ३ / दुसरे सत्र कोंडमारा." एवढ्यावरून पुढे फेब्रुवारीत ती संध्याकाळ डोळ्यांसमोर उभी राहते: गोलरक्षकाने ३४ फटक्यांपैकी ३१ अडवले, एक खेळाडू कमी असताना संघाने तीनही वेळा गोल होऊ दिला नाही, आणि तरीही हरला, कारण पाच वेळा एक खेळाडू जास्त मिळूनही एकदाही गोल करता आला नाही.

महाविद्यालयीन हंगामाचे स्वरूप असे, की बहुतेक सामने जोडीने होतात, शुक्रवारी एक आणि शनिवारी त्याच प्रतिस्पर्ध्याशी दुसरा. म्हणून दोन ओळी एकाखाली एक लिहून मध्ये जागा सोडावी आणि शनिवारच्या सामन्यानंतर त्या जागेत काय बदलले ते लिहावे. प्रशिक्षकाने गोलरक्षक बदलली का, लाइन मोडून नव्या जुळवल्या का, शुक्रवारी छळणाऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूच्या मागे कोणाला लावले. शुक्रवारी ५-१ अशी हार आणि शनिवारी २-१ असा विजय, हे या खेळात नेहमीचेच आहे. आणि प्रशिक्षकाची पारख करायची असेल तर दोन सामन्यांमधल्या त्या वीस-बावीस तासांत त्याने काय केले, यावरूनच करावी.

आकड्यांपैकी जपून ठेवण्यासारखे तीनच आहेत असे मला वाटते: गोलरक्षकाने अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण, पॉवर प्लेचे यश आणि पेनल्टी किलचे यश. गोलरक्षकाचे प्रमाण १०० फटक्यांमागे ९३ च्या आसपास असेल तर संघ कोणाशीही झुंजू शकतो, ९० च्या खाली गेले तर आघाडीच्या खेळाडूंनी कितीही गोल केले तरी पुरत नाही. वैयक्तिक गुण, म्हणजे गोल आणि प्रत्येक गोलमागे जास्तीत जास्त दोघींना मिळणारी असिस्टची, म्हणजे गोलसाठी पक पुरवल्याची, नोंद, संकेतस्थळावर बिनचूक मिळते, ती पुन्हा उतरवत बसू नये. संघांच्या क्रमवारीच्या साप्ताहिक मतचाचण्या तर वहीत घेऊच नयेत. त्या वाचायला रंजक असतात, पण निवड समिती त्यांच्याकडे पाहत नाही.

बरोबरीचा घोळ

माझ्या पहिल्या वहीतली बेरीज डिसेंबरमध्ये अधिकृत बेरजेशी जुळेना. विजय दोनने जास्त, बरोबरी दोनने कमी. दोन रात्री सगळे सामने पुन्हा तपासले आणि मग चूक सापडली, जी जवळजवळ प्रत्येक नवखा करतो.

नियमित हंगामात ६० मिनिटांनंतर बरोबरी असेल तर पाच मिनिटांचा जादा वेळ मिळतो आणि त्यात दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू असतात. त्या मोकळ्या बर्फावर गोल झाला, तर तो विजय म्हणूनच नोंदला जातो. पण गोल झालाच नाही, तर राष्ट्रीय नोंदीत तो सामना बरोबरीचा ठरतो आणि तिथेच संपतो. त्यानंतर कॉन्फरन्सच्या सामन्यात जो शूटआउट होतो, म्हणजे एकेक खेळाडू एकटीने गोलरक्षकावर चाल करते, तो फक्त कॉन्फरन्सच्या तक्त्यातील एका जादा गुणासाठी असतो. पडद्यावर खेळाडू एकमेकींना मिठ्या मारतात, संगीत वाजते, समालोचक विजयाची घोषणा करतो, आणि नोंदीत मात्र बरोबरी लिहिली जाते. मी ते दोन्ही सामने विजय म्हणून टिपले होते.

म्हणून वहीत दोन वेगळे रकाने ठेवावेत. कॉन्फरन्सच्या रकान्यात प्रचलित पद्धतीप्रमाणे ६० मिनिटांतल्या विजयाला ३ गुण, जादा वेळेतल्या किंवा शूटआउटमधल्या विजयाला २ आणि तिथे हरणाऱ्याला १ गुण लिहावा. राष्ट्रीय रकान्यात विजय, पराभव, बरोबरी याच क्रमाने तीन आकडे असतात, आणि तीन-तीन खेळाडूंच्या जादा वेळेत मिळवलेल्या विजयापुढे एक खूण करून ठेवावी, कारण निवडीच्या निर्देशांकात त्याला पूर्ण विजयाचे वजन मिळत नाही. बाद फेरीत हे सगळे रद्द होते. तिथे पूर्ण संघांनिशी २०-२० मिनिटांची जादा सत्रे गोल होईपर्यंत चालतात, मग मध्यरात्र का होईना.

हिवाळ्याचा मध्य

डिसेंबरच्या पूर्वार्धात सत्रपरीक्षा येतात आणि सामने थांबतात. ही सुट्टी वाया घालवू नये. पहिल्या अर्ध्या हंगामाची बेरीज करून, संघाने जिंकायलाच हवे होते असे सामने किती गमावले, ते एका बाजूला आणि अनपेक्षितपणे जिंकलेले सामने दुसऱ्या बाजूला मांडावेत. पहिली यादी लांब असेल तर निवडीच्या वेळी ती आडवी येणार.

याच सुमारास निवडीचा निर्देशांक पाहायला सुरुवात करावी, त्याआधी तो पाहण्यात अर्थ नसतो. पूर्वी निवडीसाठी पेअरवाइज नावाची पद्धत होती, ज्यात प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी जोडीने तुलना होई. आता एनपीआय हा एकच आकडा वापरला जातो. स्वतःचे निकाल आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद ही त्याची दोन मुख्य अंगे, आणि बलवान संघाला हरवल्यास वर थोडी बक्षिसी. याचा परिणाम असा, की आपला संघ एखाद्या आठवड्यात खेळलाच नाही तरी त्याचा आकडा हलतो, कारण ऑक्टोबरमध्ये ज्यांना हरवले होते ते संघ त्या आठवड्यात जिंकलेले किंवा हरलेले असतात. लाल शाईने लिहिलेल्या त्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांवर म्हणूनच नजर ठेवावी लागते, आणि फेब्रुवारीत आपण भलत्याच संघाच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसलो आहोत, असे लक्षात येते.

जानेवारीत बॉस्टनची बीनपॉट स्पर्धा होते. बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, हार्वर्ड आणि नॉर्थईस्टर्न या चारच संघांची ही शहरी स्पर्धा महिलांसाठी १९७९ पासून चालू आहे, आणि २०२४ पासून तिचा अंतिम सामना टीडी गार्डनमध्ये, म्हणजे शहरातल्या व्यावसायिक पुरुष संघाच्या प्रेक्षागारात होऊ लागला. आपला संघ यात नसला तरी हा सामना पाहावा. महिला महाविद्यालयीन हॉकीला गर्दी होत नाही असे म्हणणाऱ्यांनी जानेवारी २०१७ ची विस्कॉन्सिनची एक दुपारही आठवावी, जेव्हा संघाने आपली छोटी रिंक सोडून बास्केटबॉलच्या भव्य प्रेक्षागारात सामना खेळला आणि १५,३५९ प्रेक्षक आले. एरवी हा खेळ छोट्या जागेतच रंगतो, हेही खरे. मिनेसोटाचे २००२ मध्ये उघडलेले रिडर अरीना हे खास महिला संघासाठी बांधलेले देशातले पहिले महाविद्यालयीन प्रेक्षागार, आणि तिथे मागच्या रांगेतूनही स्केटच्या पात्यांचा आवाज स्पष्ट येतो.

ऑलिंपिकच्या वर्षी वेगळी काळजी घ्यावी लागते. उत्तम खेळाडू राष्ट्रीय संघात जातात, कोणी काही आठवडे गैरहजर राहते, पूर्वी तर कित्येक जणी अख्खे वर्ष महाविद्यालयातून रजा घेत. त्या हंगामाचे आकडे शेजारच्या हंगामांशी ताडून पाहू नयेत.

फेब्रुवारी आणि मार्च

कॉन्फरन्सची बाद फेरी फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होते आणि तिची रचना सगळीकडे सारखी नाही. डब्ल्यूसीएचएमध्ये पहिली फेरी वरच्या क्रमांकाच्या संघाच्या रिंकवर तीनपैकी दोन जिंकण्याची असते. हॉकी ईस्टमध्ये एक सामना, हरला की घरी. तिथे चांगला संघही त्या दिवशी भरात असलेल्या एका गोलरक्षकापुढे गारद होऊ शकतो, आणि म्हणून कॉन्फरन्सच्या तक्त्यात वरचा क्रमांक मिळवून सामना घरी खेळण्याचे मोल तिथे अधिक.

राष्ट्रीय स्पर्धेत २०२२ पासून ११ संघ घेतले जातात. त्याआधी ८ असत. पाच कॉन्फरन्सचे पाच विजेते थेट येतात आणि उरलेल्या सहा जागा निर्देशांकावर भरल्या जातात. पहिल्या पाच संघांना पहिल्या फेरीत सूट मिळते, बाकीच्या सहा संघांचे तीन सामने होतात, आणि मग आठांची उपांत्यपूर्व फेरी. इथे वहीतले नोव्हेंबर परत येते. आठवा-नववा संघ असेल तर आत, अकरावा असेल तर बहुधा बाहेर, कारण छोट्या कॉन्फरन्सचे विजेते निर्देशांकात खाली असूनही जागा घेतात. कोणत्या क्रमांकाशी रेषा पडेल, हे निवडीच्या आदल्या संध्याकाळी स्वतः मोजून लिहावे आणि दुसऱ्या दिवशी यादीशी ताडून पाहावे. एवढे जमले की पद्धत समजली.

सूट न मिळालेल्या संघाला कमी लेखू नये. २०२३ मध्ये विस्कॉन्सिन पहिल्या पाचांत नव्हता, त्याला पहिल्या फेरीपासून दुसऱ्यांच्या रिंकवर खेळावे लागले, आणि अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १-० असे हरवून तो विजेता ठरला. पुढच्या वर्षी त्याच दोन संघांत तोच आकडा उलटा लागला. २०२५ मध्ये पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. ओहायो स्टेट ३-२ ने पुढे होता, शेवटचा मिनिट संपत आला होता आणि गोलसमोरच्या गर्दीत पक कोणाच्या तरी हाताखाली दाबला गेल्यासारखा दिसला. पंचांनी खेळ पुढे चालू दिला होता. विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक मार्क जॉन्सन यांनी दाद मागितली, चित्रफीत पाहिली गेली आणि १८.९ सेकंद शिल्लक असताना पेनल्टी शॉट, म्हणजे एकटीने गोलरक्षकावर चाल करण्याची संधी, मिळाला. कर्स्टन सिम्सने तो गोलात घातला, आणि जादा वेळेतला विजयी गोलही तिचाच. वहीत हा सामना "४-३, जादा वेळ" एवढाच मावतो. अशा सामन्यासाठी मात्र एक ओळ पुरत नाही, हे कबूल करून पुढचे पान वापरावे.

शेवटचा भोंगा झाल्यावर

आपल्या संघाचा हंगाम बहुधा यापूर्वीच संपलेला असतो, कारण एक सोडून जवळजवळ सगळ्यांचा तो पराभवानेच संपतो. त्यानंतरही दोन-तीन महिने वही उघडी ठेवावी. मार्चमध्ये वर्षातील सर्वोत्तम महिला खेळाडूला पॅटी कॅझमायर पुरस्कार दिला जातो. प्रिन्स्टनची ही खेळाडू रक्ताच्या एका दुर्मिळ आजाराने १९९० मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी गेली, आणि १९९८ पासून तिच्या नावाने हा पुरस्कार सुरू झाला. एप्रिलपासून बदल्यांच्या बातम्या येतात. पीडब्ल्यूएचएल या जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगची खेळाडू-निवड जूनमध्ये होते. २०२४ मध्ये पहिले नाव प्रिन्स्टनच्या सारा फिलियेचे होते, २०२५ मध्ये कोलगेटच्या क्रिस्टिना काल्टोउन्कोवाचे. म्हणजे विजेतेपदांच्या यादीत नसलेल्या विद्यापीठांतूनही पहिल्या क्रमांकाच्या खेळाडू येतात.

सप्टेंबरमध्ये केलेल्या यादीत आता सीनियर आणि ग्रॅज्युएट खेळाडूंच्या नावांवर एक बारीक रेघ ओढावी, बदली घेऊन गेलेल्यांपुढे नव्या विद्यापीठाचे नाव लिहावे, आणि उरलेल्या नावांपुढचे वर्ष एकाने पुढे करावे. गोलरक्षकांचे पान शेवटी पाहावे. पुढचे वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होते. त्यातले कॉन्फरन्सबाहेरचे सामने लाल शाईने उतरवायला वहीच्या शेवटी दोन पाने कोरी सोडलेली असावीत.